वळणापर्यंतचा लाल दिवा

१

मोटरसायकल मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती आणि त्या घरात कुणी तिचं नाव काढत नव्हतं. पोलिसांनी पंचनामा उरकून ती परत पाठवली, हमालांनी भिंतीला टेकवली, आणि तेव्हापासून कांचन धुणंसुद्धा पुढच्या बाजूला वाळत घालत होती.

अरविंद खासनीस त्याच गाडीवर गेले. दसरा नुकताच झाला होता. कारखान्याची जनरल शिफ्ट सुटली, आनंद नगरला एक सहकारी आजारी होता, त्याला बघून घरी यावं म्हणून ते रायसेन रस्त्याला लागले. तिन्हीसांजेची वेळ. एक म्हैस आडवी आली, अरविंदनी ब्रेक मारला, आणि मागून येणारी कारखान्याचीच बस त्यांच्यावर आदळली. म्हशीला काही झालं नाही. अशा वेळी म्हशींना कधी काही होत नाही.

बसचा ड्रायव्हर शफीक म्हणाला, पुढच्या गाडीचा ब्रेकचा दिवा लागलाच नाही. गेटवरचा रखवालदार शांताराम भोयर म्हणाला, दिवा चांगला लागत होता, मी या डोळ्यांनी पाहिला. दोघांतला एक कुणीतरी खोटं बोलतोय एवढं चौकशी समितीला कळलं, पण कोण ते कळेना. तेव्हा समितीने शफीकला घरी बसवलं आणि पुढची तारीख दिली. समित्यांना दुसरं येतं काय म्हणा.

एवढ्याशा दिव्याचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. पण तो दिवा दसऱ्याच्या आधीच्या रविवारी अरविंदच्या मुलाने दुरुस्त केला होता. हेमंत त्याच कारखान्यात अप्रेंटिस होता. शफीक खरा ठरला तर बापाचा जीव मुलाच्या दुरुस्तीने गेला, असा सरळ हिशेब होता, आणि हेमंतने तो स्वतःपुरता मांडून टाकला होता.

म्हणून कांचनने सुलभाताईंना बोलावलं.

सुलभाताई मुळावकर त्याच कारखान्यातून निवृत्त झालेल्या. नागपूरची राजधानी गेली तेव्हा त्यांचे वडील सरकारी फायलींबरोबर भोपाळला आले, टी. टी. नगरच्या क्वार्टरात सुलभाताई वाढल्या, आणि पुढे इंजिनियर होऊन कारखान्यात लागल्या. गिऱ्हाइकाकडून जळून परत आलेली विजेची मोटार उघडायची आणि ती का मेली ते सांगायचं, हे त्यांचं हयातभराचं काम. एक वाक्य त्यांनी दोन पिढ्यांच्या अप्रेंटिसांना, शेवटी हेमंतलाही, घोकवलं होतं. चालती वस्तू बिघडली की आधी विचारा, शेवटचा हात कुणाचा.

"तेच तुमचं वाक्य तो घोकत बसलाय," कांचन म्हणाली. "शेवटचा हात माझा, आई, असं म्हणतो. जेवत नाही. दिवस कलला की तळ्यावर जाऊन बसतो. मी फाटकाला कडी लावते, तर उडी मारून जातो. सुलभाताई, त्याला पोहता येत नाही."

आपलं वाक्य असं फिरून कुणाच्या तरी मानेवर बसेल असं सुलभाताईंना कधी वाटलं नव्हतं.

"दिवा लागत होता हो," कांचन पुढे म्हणाली. "हे सकाळी निघाले की मी फाटकात उभी राहायची. वळणापर्यंत लाल दिवा दिसायचा. मला बरं वाटायचं, पोराने काम नीट केलं म्हणून. पण मी आई, माझं कोण ऐकणार?"

आईचं ऐकायचं नसतं, तिला जेवायला वाढू द्यायचं असतं, असा सुलभाताईंचा अनुभव होता. त्यांनी मान डोलवली आणि ते बोलणं सोडून दिलं.

उठताना कांचनने देव्हाऱ्यातून लाल-पिवळा दोरा आणला. इकडे कलावा म्हणतात त्याला. "राहू द्या हाताला. देवीचा आहे. हळद मी लावते आणि गाठी तीन मारते, आमच्या आईची पद्धत." सुलभाताईंचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण नवरा जाऊन महिना न झालेल्या बाईसमोर हात धरायला विश्वास लागत नाही.

२

हेमंत आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याच्याही मनगटावर तसाच दोरा होता. सुलभाताई खुर्ची ओढून बसल्या.

"ऊठ. मला काम सांगायचं नाहीये. काय काय केलंस ते नुसतं सांग."

"काय सांगू, मावशी. हो गया ना जे व्हायचं ते."

"माझ्याकडे जळकी मोटार आली की मी तिला असं म्हणू देत नसे. पहिल्यापासून सांग."

तो भिंतीकडेच बघत बोलू लागला. दिवा लागत नव्हता. त्याने आधी बल्ब बघितला, आत दोन तारा असतात, एक रात्रीच्या मंद दिव्याची, एक ब्रेकच्या भडक दिव्याची, त्यातली ब्रेकची तुटलेली होती. नवा बल्ब घातला, तरी लागेना. मग वायर तपासली, ती चांगली होती. शेवटी पॅडलपाशी आला. मागच्या ब्रेकच्या पॅडलवर एक बारीक स्प्रिंग असते, ती वरच्या छोट्या स्विचला जोडलेली. पॅडल दाबलं की स्प्रिंग स्विच ओढते आणि मागे दिवा लागतो. तो स्विच गंजला होता. त्याने नवा बसवला, नट आवळला.

"मग तपासलंस?"

"आईला मागे उभं केलं. मी पॅडल दाबायचो, ती सांगायची, लागला. सोडायचो, ती सांगायची, विझला. दहा-बारा वेळा केलं असेल. बाबा हसत होते, म्हणाले, बस कर, बॅटरी संपेल." इथे तो उताणा झाला आणि छताकडे बघू लागला. "पण नट ढिला पडला असणार. और क्या. त्यानंतर गाडीला कुणी हात लावला नाही. शफीकभाई कशाला खोटं बोलेल? बाबांना रोज सलाम करायचा तो."

"आणखी काही आठवतं? शेवटच्या दिवसांत गाडी कशी होती?"

"हॉर्न बसला होता. आधी बाबा कोपऱ्यावरून हॉर्न द्यायचे, आई चहा टाकायची. शेवटच्या दोन दिवसांत नुसता घरघरायचा. बॅटरी बदलू म्हणत होते." तो पुन्हा कुशीवर वळला. "मावशी, तुम्ही मला खोटं काहीतरी सांगायला आलात ना? आईने बोलावलं म्हणून?"

"मी आजवर खोटा रिपोर्ट लिहिलेला नाही," सुलभाताई म्हणाल्या. त्या वेळी ते वाक्य त्यांना सोपं वाटलं.

बाहेर येऊन त्यांनी ताडपत्री ओढली. मागचं चाक दुमडलं होतं, बॅटरी फुटून गेली होती, लाल काचेच्या जागी नुसता पत्रा. पण बल्बचं बूड जागेवर होतं, आणि त्यात ब्रेकची तार अडकलेली होती. सुलभाताईंनी भिंग काढलं. थंड तार आपटली तर कट्‌कन तुटते. ही तार तुटली नव्हती, लांबली होती, आणि तिच्यावर पांढरट राख होती. तापून लाल झालेली असताना काच फुटली आणि वारा लागला, की असं होतं.

म्हणजे बस आदळली त्या क्षणी दिवा चालू होता. हेमंतची दुरुस्ती चांगली होती. आणि शफीक धडधडीत खोटं बोलत होता.

३

दोरी हाताला लागली की ओढायचीच, अशी सुलभाताईंची रीत. त्या तशाच गेटवर गेल्या.

शांताराम भोयर भंडाऱ्याकडचा. गेल्या वर्षी बस उभी करण्यावरून शफीकची आणि त्याची हाणामारी होता होता राहिली होती, ते सगळ्या टाउनशिपला माहीत होतं. त्यामुळे समितीने त्याची साक्ष अर्धीमुर्धीच धरली होती.

"भांडण आहे न बाई, नाही कुठं म्हणतो मी," तो म्हणाला. "पण खासनीस साहेबांच्या मढ्यावर भांडण खेळू का? दिवा लागत होता. साहेब गेटातून निघाले, मला हात केला, गाडी सरळ रस्त्याला लावली आणि पळवली. तो पार दूर जाईपर्यंत दिवा लाल भडक दिसत होता."

"आणि बस?"

"बस त्यांच्या मागून निघाली न. शफीकच्या समोरच होता दिवा. त्याले नाही दिसला म्हणतो, तर डोळे तपासून घ्या म्हणावं."

तिथून सुलभाताई शफीकच्या घरी गेल्या, गोविंदपुऱ्याच्या मागे. आपण आता खोटं बोलणाऱ्या माणसाला त्याच्या तोंडावर खोटं पाडणार, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पण शफीक दारात आला आणि त्यांचा पक्केपणा जरा ढिला झाला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. बायकोने चहा आणून ठेवला, पण त्याने कप तसाच बाजूला सारला.

"बत्ती जल रही थी, शफीकभाई. मैंने बल्ब देखा है," सुलभाताई म्हणाल्या.

तो चिडला नाही.

"मैडम, लाल बत्ती तो जल रही थी। मैंने कब मना किया? शाम को सबकी जलती है। पर ब्रेक मारो तो भड़कती है न? वो नहीं भड़की। गेट से उनके पीछे था मैं। जैसी थी, वैसी ही रही। बीस साल से बस चला रहा हूँ, मैडम, आँख आगे वाले की बत्ती पर ही रहती है। बत्ती बदले तो पाँव अपने आप ब्रेक पर जाता है। उस दिन बत्ती बदली ही नहीं।" मग थोड्या वेळाने म्हणाला, "खासनीस साहब दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याचं पान देऊन गेले होते मला. बसमध्ये ठेवलंय अजून."

हे शेवटचं त्याने मराठीत सांगितलं. इतकी वर्षं मराठी साहेबांना पोचवून त्याला तेवढी येत होती.

सुलभाताई परतल्या तेव्हा त्यांना त्याचा राग येईना, आणि तो खोटा आहे असंही वाटेना. परतीच्या सवारी टेम्पोत बसल्यावर त्या वाक्यं जुळवत राहिल्या. शांताराम म्हणतो, दिवा लागलेला होता. शफीक म्हणतो, दिवा बदलला नाही. या दोन वाक्यांत भांडण कुठे आहे?

आणि शांताराम म्हणाला, गाडी पळवली तरी दिवा लाल भडक. जो माणूस गाडी पळवतो तो ब्रेकवर पाय कशाला ठेवेल?

कांचन म्हणाली होती, वळणापर्यंत दिसायचा. रोज सकाळी. दोन दिवसांत बॅटरी बसली होती, हॉर्न घरघरत होता. आईची माया म्हणून जे त्यांनी कानाआड केलं, तेच सगळ्यांत खरं होतं. ब्रेकचा दिवा लागत नव्हता असं नाही. तो विझतच नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी सुलभाताई एक भरलेली बॅटरी आणि नवा बल्ब घेऊन खासनिसांकडे आल्या. कांचन रेशनला गेली होती. हेमंत आत होता, बाहेर यायला तयार नव्हता. एका अर्थी बरंच झालं, असं त्यांना वाटलं.

त्यांनी ताडपत्री काढली, तारा जोडल्या, बल्ब मोकळाच लोंबत ठेवला. किल्ली फिरवली. पॅडलला हात लावला नव्हता.

दिवा लागला.

सुलभाताई पायरीवर बसल्या. त्यांचा तर्क बरोबर ठरला होता, आणि तो बरोबर ठरला याचं त्यांना रडू यायला लागलं. कारण असा दिवा आपोआप पेटून राहायचं नेहमीचं कारण एकच. स्विचचा नट गरजेपेक्षा जास्त वर आवळला की स्प्रिंग सदा ताणलेली राहते. नट कुणी आवळला? हेमंतने. आधी तर दिवा लागला नाही म्हणून तो स्वतःला खात होता, आता दिवा विझला नाही म्हणून खाणार. आगीतून काढून फुफाट्यात टाकायचं, त्यासाठी आपण एवढी वणवण केली का, असं त्यांच्या मनात आलं.

पण हयातभराची सवय सुटत नाही. रडता रडता त्यांनी भिंग काढलं आणि नट बघितला.

नटावर पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ होती. नटावरून निघून खालच्या पट्टीवर उतरलेली, अखंड. कारखान्यात ही रीतच आहे. नट आवळायचा, काम तपासायचं, आणि सगळं ठीक निघालं की नटावरून एक रेघ ओढायची, म्हणजे पुढे कधी तो केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. पोरगं घरच्या मोटरसायकलला कारखान्याचा नियम लावून गेलं होतं. रेघ तुटली नव्हती. हेमंतने जिथे नट ठेवला तिथेच तो होता, आणि तिथे असताना त्याची आई मागे उभी राहून दहा-बारा वेळा म्हणाली होती, लागला, विझला.

म्हणजे शेवटचा हात हेमंतचा नव्हता. त्याच्यानंतर आणखी कुणाचा तरी हात या गाडीला लागला होता.

सुलभाताई जमिनीवर बसल्या, आडव्या झाल्या, खाली डोकं घालून पॅडलच्या मागे बघू लागल्या. स्प्रिंग एका बाजूला वाकलेली दिसत होती. तिच्या मधल्या वेढ्यातून काहीतरी काळं, तेलकट, चिंधीसारखं गेलं होतं आणि फूटरेस्टच्या नळीला घट्ट गुंडाळलेलं होतं. धुताना फडक्याचा दोरा अडकला असेल, असं त्यांना वाटलं. पण त्या चिंधीने स्प्रिंग तारेसारखी ताणून धरली होती.

त्यांनी ती बोटांनी पुसली. तेल निघालं तेव्हा खाली लाल रंग दिसला, आणि पिवळा.

५

हात तेलाने बरबटले होते. सुलभाताईंनी अंगणातल्या नळावर साबण लावून कोपरापर्यंत धुतले आणि पायरीवर उन्हात बसल्या. ऑक्टोबरचं ऊन, भोपाळचं असलं तरी चटका देतंच. बसल्या बसल्या त्यांना उजव्या मनगटाला काहीतरी रुतायला लागलं.

काल कांचनने बांधला तेव्हा दोऱ्यात बोट जात होतं. आज सकाळी आंघोळ झाली, आता हात धुतले, आणि तोच दोरा मनगटात रुतत होता. सुती दोरा. भिजला की आक्रसतो, गाठी बसतात, आणि मग सैल होत नाही. तीन गाठी. हळद.

त्यांना गाडीकडे परत जाऊन बघायची गरज नव्हती, तरी त्या गेल्या. नळीवर तीन गाठी होत्या.

घरातून कात्री आणून त्यांनी आपल्या हाताचा दोरा कापला. मग कात्री हातात धरून गाडीपाशी उभ्या राहिल्या. तो दोरा कापायला एक क्षण लागला असता. कापायचा, पदराखाली घालायचा, दिवा विझणार, आणि म्हणायचं, नवा स्विचच खराब निघाला, माल वाईट होता, कुणाचा दोष नाही. हेमंत सुटेल, शफीक सुटेल, आणि कांचनला आयुष्यात कळणार नाही. कुणाला विचारायचीही गरज नव्हती. आजवर खोटा रिपोर्ट लिहिला नाही, ठीक आहे, आता लिहावा. निवृत्त माणसाचा रिपोर्ट वाचतो कोण.

"दोरा कुठे गेला तुमचा?"

कांचन पिशवी घेऊन दारात उभी होती. सुलभाताईंनी कात्री खाली घेतली.

"रुतत होता ग. पाणी लागल्यावर आवळला. कापला."

एवढंच त्या म्हणाल्या, आणि म्हणताच त्यांना कळलं की आपण काय बोलून बसलो. कांचनने त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. मग कात्रीकडे, मग पेटलेल्या बल्बकडे, मग पॅडलकडे. पिशवी तिने हळूच खाली ठेवली. डाळ सांडू नये याची तिने काळजी घेतली.

"हे हँडलला बांधू द्यायचे नाहीत," ती म्हणाली. "दर दसऱ्याला मी बांधायची आणि दुसऱ्या दिवशी हे कापून टाकायचे. म्हणायचे, गाडीचा देव्हारा करू नकोस. पावसाळ्यात एकदा घसरले ना, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हणून यंदा अष्टमीला खाली बांधला, दिसू नये असा. तिथे ती बारीक स्प्रिंग होती, तिच्यातून ओवला. सैल बांधला होता, सुलभाताई. काही ओढलं जाऊ नये म्हणून मुद्दाम सैल बांधला होता."

"माहीत आहे मला."

"नवमीला यांनी गाडी धुतली. पाइप लावून. पूजेला चकचकीत हवी म्हणून."

या घरात कुणी हयगय केली नव्हती. मुलाने रेघ ओढली, बापाने गाडी धुतली, आईने देवीचा दोरा बांधला, आणि सगळ्यांनी मिळून माणूस घालवला. चुकून एखाद्याने जरा आळस केला असता तर अरविंद आज व्हरांड्यात पेपर वाचत बसले असते.

"मी रोज बघायची तो दिवा," कांचन म्हणाली. "वळणापर्यंत. मला बरं वाटायचं."

६

"ऐक माझं," सुलभाताई तिच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाल्या. "स्विच खराब होता असं मी सांगते. दोरा मी नेते. हे तुझ्या-माझ्यात."

कांचनने मान हलवली. तिचे डोळे कोरडे होते, आणि ते सुलभाताईंना रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"तो तुमच्याच हाताखाली शिकलाय. तुम्ही गेलात की स्विच उघडून बघेल. चांगला निघाला की फिरून स्वतःवरच येईल. त्याला खोट्याने नाही सोडवता येणार." ती थांबली. "त्याचा हात शेवटचा नव्हता. हेच शोधायला मी तुम्हाला बोलावलं होतं ना? मग झालं तर. हेमंत. हेमंत, बाहेर ये."

तो आला. गाडी बघून दारातच थांबला. दिवा पेटलेला बघितला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला, कारण त्यालाही पहिलं कारण नटाचंच सुचलं.

"रेघ बघ," सुलभाताई म्हणाल्या. "आधी रेघ बघ, मग बोल."

तो गुडघ्यावर बसला. रेघेवरून बोट फिरवलं. तेच बोट मग आपोआप खाली गेलं, स्प्रिंगवर, दोऱ्यावर, गाठींवर. तिसऱ्या गाठीवर ते थांबलं. त्याच्या स्वतःच्या मनगटावर तशाच तीन गाठी होत्या, त्या त्याच्या डोळ्यांसमोरच होत्या.

शेजारच्या क्वार्टरात कुकरची शिट्टी झाली.

"मी बांधला," कांचन म्हणाली. "तुझं काम बरोबर होतं. मी त्याच्यानंतर बांधला."

हेमंतने वर पाहिलं नाही. सुलभाताईंनी कात्री पुढे केली, त्याने घेतली नाही. तो नखांनी गाठी सोडवायला लागला. तेलाने आणि पाण्याने त्या दगडासारख्या झाल्या होत्या. एक सुटली, दुसरी सुटायला फार वेळ लागला. आईने मारलेली गाठ तो तोडणार नव्हता, आणि त्यात राग होता की माया, हे सुलभाताईंना ओळखता आलं नाही. बहुधा त्यालाही आलं नसेल.

तेवढ्यात कांचन चालत गाडीच्या मागे गेली आणि त्या रविवारी उभी होती तिथेच जाऊन उभी राहिली.

तिसरी गाठ सुटली. स्प्रिंग सरळ झाली. पॅडलपाशी बसलेल्या माणसाला मागचा दिवा दिसत नाही. तो नेहमी मागच्याला विचारतो.

"आई?" हेमंत खाली मान घालूनच म्हणाला.

"विझला," कांचन म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

मग तो उठला, आईजवळ गेला, आणि काय करावं हे न कळून नुसता उभा राहिला. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, भात टाकते, जेवशील ना. तो हो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो जेवायला हो म्हणाला होता. दोघं आत गेली, तो भांडी काढू लागला, आणि वाफेच्या वासाने घर जरा घरासारखं झालं.

सुलभाताईंनी बॅटरी सोडवली, ताडपत्री घातली. उद्या समितीपुढे जाऊन शफीक आणि शांताराम दोघंही खरं बोलत होते असं सांगायचं होतं. संध्याकाळ होत आली होती. कोटऱ्याला आपल्या घरी जायला अजून टेम्पो मिळाला असता.

त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. हेमंत ताटं मांडत होता. कांचन गॅससमोर उभी होती आणि खिडकीतून बाहेर बघत होती, तळ्याच्या बाजूला. भात लागल्याचा वास यायला लागला तरी तिने गॅस बंद केला नाही.

"कांचन, मी आज राहते इथे," सुलभाताई म्हणाल्या. उत्तराची वाट न बघता त्या पुढे गेल्या, फाटकाला कडी घातली, आणि व्हरांड्यातली खुर्ची ओढून फाटकाला लावून बसल्या.